नॉनवोव्हनसाठी प्लांट हेड शोधतोयस? आधी हे वाच

अरे, टेक्सटाईल लिहिलेला प्रत्येक सीव्ही नॉनवोव्हनला, म्हणजे न विणता बनणाऱ्या कापडाच्या कारखान्याला, चालत नाही, ही चूक मी सुरुवातीला केली, मालेगावच्या लूमवर वीस वर्षं काढलेला चांगला माणूस स्पनबॉन्ड लाईनसाठी पाठवला आणि क्लायंटने दहा मिनिटांत परत पाठवला. तिथे सूतही नाही न् विणकामही नाही, पॉलीप्रॉपिलीनचे दाणे वितळवून थेट कापड बनतं, त्यामुळे कधीकधी प्लास्टिक एक्स्ट्रूजनवाला माणूस जास्त जवळचा पडतो. स्पनलेस (पाण्याच्या जोरदार धारांनी तंतू गुंतवून केलेलं कापड) असेल तर वॉटर जेट आणि पाण्याचं फिल्ट्रेशन कोणी सांभाळलंय ते विचार, नीडल पंच (सुयांनी तंतू गुंतवणं) वेगळंच. जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) एकसारखा कसा ठेवता, वेस्टेज किती, हे विचारलं की खरा माणूस लगेच खुलतो.

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीमध्ये सगळे मिळतील असं धरू नकोस, सुरत, सिल्वासाकडेही बघ, आणि इचलकरंजीच्या डीकेटीई या टेक्सटाईल कॉलेजात नॉनवोव्हनचं सेंटर आहे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी ओळख वाढव.

अजून एक, फॅमिलीशी बोलल्याशिवाय ऑफर फायनल समजू नको. बायकोची नोकरी, पोरांची शाळा यावरच माझे बरेच जण शेवटच्या आठवड्यात फिरले. आणि उमेदवाराचं नाव त्याला न विचारता कुठेही पाठवायचं नाही, ही लाईन छोटी आहे, बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्या मालकाकडे पोचते.