घाटातला पिंपळ

प्रिय चिनू,

नर्मदेकाठच्या चांदोदच्या घाटावर पायऱ्यांच्या सांध्यातलं पिंपळाचं रोप तू उपटायला गेलास आणि आजीने हात धरला. "घाट मोडतोय, तरी पिंपळ का तोडायचा नाही?" असं तू विचारलंस. आणि तो पडका कोपरा नि पालथी नावच सगळ्यात आवडली, असंही लिहिलंस.

आवडण्यासारखीच आहे ती नाव. पुढच्या वेळी जवळून बघ. कधी भिजणारी, कधी वाळणारी फळी आधी कुजते, कारण ओल आणि हवा दोन्ही मिळाली की बुरशी लाकूड खाते. चिखलात रुतलेल्या भागाला हवा नसते, तो टिकतो. लोखंडी खिळा गंजून फुगतो, फळी चिरते, चिरेत गाळ साठतो आणि त्यात गवत उगवतं. फक्त ती उचलून बघू नकोस, खाली सापाविंचवांना गारवा मिळतो.

आता पिंपळ. श्रावणातल्या शनिवारी आपल्यात त्याची पूजा होते, काही ठिकाणी त्याची मुंजही लावतात, मोठ्या झाडाला पार बांधतात. अशा झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, हा आजीचा नियम मला पटतो. पण तोडायचा नाही म्हणजे उगवला तिथेच वाढवायचा असं नाही. रोप हलवावं.

मैना, बुलबुल पिंपळाची फळं खातात. मोहरीहून बारीक बी विष्ठेतून दगडांच्या सांध्यात पडतं. दगडांमधल्या चुन्याच्या दरजेत, म्हणजे फटीत, धरलेली ओल त्याला पुरते. मूळ दरजेतूनच पुढे सरकतं, जाड होतं आणि दगड बाहेर ढकलतं. म्हणून रोप बोटभर असतानाच, पावसाळ्यात, काढायचं. सांधा पाण्याने भिजवायचा, बांबूच्या काडीने चुना मोकळा करायचा आणि मूळ अखंड ओढायचं. वरून नुसतं खुडलं की पुन्हा फुटतं. मग कुंडीत लावून आठवडाभर सावलीत ठेवायचं, आणि जोम धरल्यावर भिंती-विहिरींपासून लांब, मोकळ्या जागी लावायचं.

रिकामी दरज गवंड्याकडून भरून घ्यावी लागते: १ भाग विझवलेला चुना, ३ भाग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून, वर काही दिवस ओली पोती. सिमेंट नको. ते दगडातली ओल कोंडतं, मग दरज शाबूत राहते आणि कडेचा दगडच झिजतो.

कोपऱ्यातल्या थोरल्या पिंपळाला मात्र हात लावायचा नाही. आता त्याच्याच मुळांनी ते दगड आवळून धरलेत. झाड कापलं की मुळं कुजतील, पोकळीत पाणी शिरेल आणि कोपरा पहिल्याच मोठ्या पुरात नदीत जाईल.

रोप काढायचं ते आजीला आणि तिथल्या गुरुजींना विचारून, आणि वरच्याच पायऱ्यांवरचं. खाली शेवाळ असतं, शिवाय धरणातून पाणी सोडलं की नर्मदा बघता बघता चढते.

तुझी,
आई