आजोबांचा ट्रॅक्टर सात वर्षं शेडमध्ये बंद आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून, ओढून चालू करावा का?

ओढू नका. तेवढं सोडून बाकी सगळं जमण्यासारखं आहे. सात वर्षांत पिस्टनच्या रिंगांनी गंजून लायनर (सिलिंडरची आतली नळी) धरलेला असू शकतो. तशात गिअर टाकून ओढलं, तर रिंगा तुटतील, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकेल आणि हजारांतलं काम लाखावर जाईल.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. २०१९ च्या पुरात आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी आलं आणि तो पाच वर्षं तसाच उभा राहिला. आम्ही आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि दोन दिवस हात लावला नाही. मग न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावला. हललं नाही. पान्यात लांब पाइप घालून जोर करायचा मोह होतो, तो टाळा; परत तेल ओता, थांबा, पुढे-मागे हलकं हलवत राहा. चौथ्या दिवशी पुली बोटभर सरकली, तेव्हा वडील तिथंच मातीत बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

इंजिन पूर्ण फिरू लागलं की नोझल बसवण्याआधी थोडा सेल (स्टार्टर) मारा. आत साठलेलं तेल पिचकारीसारखं उडतं, म्हणून बाजूला उभे राहा. तेल आत राहिलं आणि नोझल बसवून सेल मारला, तर रॉड वाकतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्हीकडचं ऑइल बदला. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. टाकी उतरवून धुवा, डिझेल फिल्टर नवे घाला, एअर क्लीनरमध्ये उंदरांचं घरटं नाही ना ते पाहा.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. बरेच दिवस बंद असलेल्या डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) आत अडकून बसू शकतो. तो डिझेल सोडायच्या बाजूला अडकला असेल, तर चालू होताच इंजिन सुसाट सुटतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. म्हणून पंप आणि नोझल पंप दुरुस्तीवाल्याकडे (आमच्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात) दाखवून आणा. सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि इंजिन सुटलंच तर हवा बंद करायला, त्याचं तोंड झाकायला जाड सपाट फळी हाताशी धरा. तोंड हातानं झाकू नका.

डिझेलच्या नळ्यांतली एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या नळ्या. स्टॉप ओढून ऑइल गेजचा काटा हलेपर्यंत सेल मारा, मगच चालू करा.

क्लच प्लेट चिकटलेली असणारच असं धरा, म्हणून पहिला सेल न्यूट्रलमध्येच. ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर काढू नका, उसाची ट्रॉली तर नकोच.

मॉडेल कोणतं आणि डिझेल पंप लाइनचा (इनलाइन) की रोटरी, ते कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.