ॲपवर 17 गुण आले, म्हणजे मला डिप्रेशन आहे का?

“मॅडम, मोबाईलवर टेस्ट दिली. 27 पैकी 17 आले. खाली लाल अक्षरात लिहिलंय, तज्ज्ञांना भेटा. मला डिप्रेशन झालंय का? आता जन्मभर गोळ्या खायच्या का?”

मी समुपदेशन करते. थोड्याफार फरकानं असा मेसेज मला महिन्यातून चार-पाचदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा रात्री अकरानंतर, म्हणजे ओटा आवरून झाल्यावर. सुनंदाताईंचाही तसाच आला होता. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, नाव आणि घरचे काही तपशील बदललेत.) वय 43, राहायला पुण्यात धायरीला, घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. नवरा चाकणला कंपनीत, मुलगा बारावीला, सासूबाईंना इन्सुलिन चालू, सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला.

टिळक रोडला माझ्याकडे यायचं म्हणजे अख्खी दुपार मोडणार, आणि घरी काय सांगून निघणार? म्हणून फोनवर बोलायचं ठरलं. दुपारी दोन वाजता, इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. माझा नंबर त्यांनी ‘लेस-बटण दुकान’ या नावानं सेव्ह केला होता. पहिल्याच दिवशी मध्येच म्हणाल्या, “टँकर आला मॅडम, खाली जाऊन येते.” दहा मिनिटांनी धापा टाकत परत आल्या. ती धाप मी ऐकली, पण मनावर घेतली नाही.

आधी त्या 17 गुणांचं बघू. त्यांनी दिलेली चाचणी पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली. प्रश्न नऊ, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, आणि विचारतात फक्त गेल्या दोन आठवड्यांचं. चाचणी चांगली आहे, मीही वापरते. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं, हे नवापैकी पाच प्रश्न झाले. आणि रक्त कमी असलेल्या किंवा थायरॉईड बिघडलेल्या बाईला या पाचांवर प्रामाणिकपणे उत्तरं द्यायला लावलीत, तर गुण आपोआप चढतात. म्हणजे 17 आले तर नैराश्य नाहीच, असंही नव्हे. दोन्ही एका वेळी असू शकतं. ॲपला एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय.

नववा प्रश्न मात्र मी कधी सोडत नाही. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथं सुनंदाताईंनी ‘काही दिवस’ यावर टिचकी मारली होती. मी सरळच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. थोडं थांबून म्हणाल्या, “मरायचं नाही हो. नुसतं झोपायचंय. कुणी उठवू नये, एवढंच.” तरी कसं, कधी, काही ठरवलंय का, घरात कुणाशी बोलता येतं, हे सगळं विचारून घेतलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून घ्यायला लावला. ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. शिवाय मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायला सांगितली.

इथपर्यंत माझं बरोबर चाललं होतं. मग मी चूक केली. रोज रात्री मूडची नोंद ठेवायचं एक ॲप आणि वीस मिनिटांचा श्वासाचा व्यायाम दिला. तिसऱ्या सत्राला त्यांचं पहिलं वाक्य होतं, “सॉरी मॅडम, तुमचं तेवढं करायचं राहिलं.”

तुमचं! त्यांच्या घरातल्या माणसांच्या यादीत मीही जाऊन बसले होते.

त्या दिवशी व्यायाम बाजूला ठेवला आणि म्हटलं, फोनमधले अलार्म मला वाचून दाखवा. सकाळी साडेसात, आईंचं इन्सुलिन. आठ, दादांची बीपीची गोळी. अकरा, फिजिओथेरपिस्ट. संध्याकाळी पुन्हा इन्सुलिन. गॅलरीत रिपोर्टांचे फोटो: सासूबाईंची तीन महिन्यांची शुगर, सासऱ्यांचा एमआरआय, नवऱ्याचं कोलेस्टेरॉल, मुलाच्या चष्म्याचा नंबर. अख्खा दवाखाना त्या एका फोनमध्ये होता.

“आणि तुमचे रिपोर्ट?”

“माझे? शेवटचं रक्त तपासलं ते मुलाच्या वेळी.” मुलगा सतरा वर्षांचा आहे.

मग पाळीचं विचारलं. नऊ-नऊ दिवस जात होतं, गाठी पडत होत्या, रात्री दोनदा उठावं लागत होतं. हे सांगितलं का नाहीत? “चाळिशीनंतर होतंच ना असं?” होतं, पण म्हणून सोसायचं नसतं. तपासणीत हिमोग्लोबिन 8.4 निघालं, गरोदर नसलेल्या बाईचं 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. थायरॉईड ठीक होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ, दिसला. गच्चीवरच्या त्या धापेचा अर्थ मला तेव्हा कुठं लागला. खरं तर मला आधीच सुचायला हवं होतं, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आढळला होता. माझ्यासमोर बसणाऱ्या दर दुसऱ्या बाईला मी रक्ताबद्दल विचारायला हवं. आता पहिल्याच सत्राला विचारते.

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी ॲनिमियाचे उपचार करून सहा आठवड्यांनी पुन्हा बघू असं ठरवलं. त्यांनी गोळ्या दिल्या असत्या तर मी ‘घ्या’च म्हटलं असतं. जन्मभराची भीती बहुतेकांच्या बाबतीत खोटी असते. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर बरं वाटल्यावर साधारण 6 ते 9 महिने औषध चालू ठेवून डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. आपल्या मनानं मात्र बंद करायचं नाही.

लोहाच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत धाप कमी झाली. पण कामाचे तास गोळीनं कमी होत नाहीत. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटांचा वेळ जात होता, पुरुषांचा 97 मिनिटांचा. आजारी माणसाची शुश्रूषा यात धरलेलीच नाही, ती वेगळी मोजलीय. आणि कष्ट अंगात उतरतात हे पुण्याच्या लोकांनी तरी विसरू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या सहा गावांत 1993 साली पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या चमूनं गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. ताटात काय पडतं याबरोबर शेतातलं, घरातलं काम आणि पाणी आणणंही त्यात मोजलं. ज्यांना कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान भरली.

म्हणून एका रविवारी सुनंदाताईंचे मिस्टर आणि मुलगा, दोघांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. भाषण दिलं नाही. अलार्मची यादी वाचली आणि विचारलं, यातले कुठले तुमच्या फोनवर घेता? मिस्टर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आईला सुई टोचतात कुठं?” सासूबाईंचं इन्सुलिन चार वर्षं चालू होतं. पोटावर, दर वेळी जागा थोडी बदलून, हे सुनंदाताईंनी दाखवलं. संध्याकाळचं इन्सुलिन मुलानं घेतलं, टोचल्यावर दहा अंक मोजून पेन काढायचं हेही शिकला.

पहिल्या आठवड्यात दोनदा विसरला. सासूबाईंनी अर्थातच सुनेला हाक मारली. “मी उठले नाही मॅडम,” सुनंदाताई म्हणाल्या, “मशीनवर बसून मुलाला हाक मारली. पण जीव खालीवर होत होता.” त्या न उठण्यावर आम्ही दोन सत्रं बोललो. श्वासाच्या व्यायामापेक्षा ते जास्त अवघड होतं.

तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली. गुण 8, नवव्या प्रश्नाला शून्य. फायब्रॉइडचं काय करायचं ते अजून ठरायचंय. सासूबाई अजून नाराज आहेत. रिपोर्टांच्या फोटोंमध्ये मात्र आता ‘मी’ नावाचा एक फोल्डर आहे, त्यात सात कागद.

गेल्या मंगळवारी दोन वाजता त्यांचा फोन आला नाही. मी जरा काळजीत पडले, पावणेतीनला मेसेज केला. साडेचारला उत्तर आलं, “सॉरी मॅडम, झोप लागली होती. कुणी उठवलं नाही.”

त्या सत्राची फी मी लावली नाही.