क्यूवाला लांब शब्द आणि आपलं दीड

ताई, तुमच्या लेकीला शाळेतून दोन शब्द शोधायला दिलेत. एकात 'पाचही व्हॉवेल अल्फाबेट्स ओळीने' आले पाहिजेत आणि दुसरा क्यू असलेला, जमेल तेवढा लांब. सांगतो, पण आधी ते 'अल्फाबेट्स' काढून टाका. कोथरूडपासून हडपसरपर्यंत जो तो म्हणतो इंग्रजीत 26 अल्फाबेट्स आहेत, शिकवणाऱ्या बाईसुद्धा तेच म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. अहो, अल्फाबेट एकच आहे! अल्फाबेट म्हणजे अख्खी वर्णमाला, आणि तिच्यात 26 लेटर्स. 'क' ही एक वर्णमाला आणि 'ख' ही दुसरी वर्णमाला असं आपण कधी म्हणतो का?

आता पहिला शब्द. असले शब्द डोक्यातून शोधायला गेलं की माणूस अडकतो, म्हणून शेपटीपासून धरायचे. इंग्रजीत ढीगभर विशेषणं आय-ओ-यू-एस ने संपतात, म्हणजे तीन स्वर फुकट मिळाले, आता त्यांच्या आधी फक्त एक ए आणि मग एक ई बसवायचा. एफ-ए-सी-ई-टी, पुढे ती शेपटी, झाला फसीशस, म्हणजे नको तिथे विनोद करणारा. तसाच ॲबस्टीमियस, खाण्यापिण्यात संयम असलेला, 10 लेटर्स. शेवटी एल-वाय जोडलं की वायसुद्धा रांगेत येतो आणि शब्द 12 लेटर्सचा होतो. कानाने शोधू नका, ऐकताना फसीशसमध्ये ए-ई काही कळत नाहीत, स्पेलिंग लिहूनच बघा. उलटा क्रम हवा असेल, यूपासून एपर्यंत, तर सबकॉन्टिनेंटल, म्हणजे आपल्याच उपखंडाचं विशेषण. पाचही स्वर एकेकदाच, बरोब्बर उलटे, मला तरी हा फार आवडतो.

क्यूचं म्हणाल तर इनकॉन्सिक्वेन्शली घ्या, 17 लेटर्स, क्यू आहे, वर पाचही स्वर आहेत (ओळीने नाहीत). काम झालं. पण मी तिच्या जागी असतो तर तीन लेटर्सचं नुकसान सोसून सेस्क्विपिडेलियन लिहिला असता, कारण या शब्दाचा अर्थच 'लांबलचक शब्द वापरणारा' असा आहे.

हा शब्द आला रोमन कवी होरेसकडून. इ.स.पू. पहिल्या शतकातला हा कवी, त्याने नाटकं लिहिणाऱ्यांना सांगितलं की पात्र दुःखात असेल तर त्याच्या तोंडी दीड-दीड फुटी शब्द घालू नका. लॅटिन 'सेस्क्वि' म्हणजे दीड आणि 'पेड' म्हणजे पाय. हा पेड आणि आपला संस्कृत पद एकाच मुळाचे, इंग्रजी फूटही त्याच घरातला. म्हणजे दीडपायी शब्द! आता गंमत बघा, इंग्रजीला दीडसाठी रोजच्या बोलण्यात एक सुटा शब्द नाही, 'वन अँड अ हाफ' करत बसावं लागतं, आणि आपल्याकडे दीड आहे, अडीच आहे, एवढंच काय साडेतीनला औटसुद्धा आहे. लॅटिन सेस्क्वि फोडला तर निघतं 'आणि अर्धा', म्हणजे आपल्या साडेसारखं, साडे हे सार्ध, अर्ध्यासकट. दीडची रीत वेगळी. तो द्व्यर्ध, पालीत दियड्ढ, प्राकृतात दिवड्ढ, म्हणजे 'दुसरा अर्धा', पहिला पूर्ण आहे हे धरूनच चाललेलं. पुण्यात जर्मन शिकलेली पुष्कळ मंडळी आहेत, त्यांनी आन्डर्टहाल्प आठवावा, तोही 'दुसरा अर्धा'च.

मध्यंतरी एका व्याख्यानात एका विद्वानांनी ठासून सांगितलं की दीड हा अध्यर्धपासून आला. साफ चूक. अध्यर्ध संस्कृतात आहे, अर्थही दीडच, पण ध्यचा प्राकृतात झ होतो, संध्येची सांज होते, वंध्येची वांझ होते, मग या एकाच शब्दात ध्य जाऊन द कुठून आला? मी विचारलं तर म्हणाले 'अपवाद असतात'. सरळ द्व्यर्ध समोर उभा असताना अपवाद कशाला हवा?

आणि आता माझं मत, मी ते बरीच वर्षं धरून आहे. दीडशहाणा म्हणजे प्रमाणाबाहेर अक्कल असलेला, असं सगळे सांगतात. मग सवाशहाणा का नाही, दुप्पटशहाणा का नाही? दीडमधला 'दुसरा' खरं तर क्रमाने दुसरा, पण मी तो 'दुसऱ्या माणसाचा' असा वाचतो! स्वतःचं शहाणपण पूर्ण, आणि वर दुसऱ्याच्या शहाणपणातला अर्धा भाग बळकावून बसलेला, तो दीडशहाणा. मला तरी हेच पटतं.

अप्पा बळवंत चौकातून घेतलेली एक जुनी अंकलिपी माझ्याकडे आहे, पानं पिवळी पडलीत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे ओळीने आहेत. दिडकीत एकापुढे १॥, दोनापुढे ३, तीनापुढे ४॥, ते दोन दंड म्हणजे अर्धा. दहा मिनिटं त्या एका पानावर बोट फिरवत बसलो होतो. औटकी गेली म्हणूनच आज 'औटघटकेचं राज्य' लोक 'आऊट' वाचतात, जणू कुणी क्रिकेटमध्ये बाद झालाय. औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा, साडेतीन. घटका 24 मिनिटांची, म्हणजे ते राज्य मोजून 84 मिनिटांचं!

तर ताई, स्पेलिंग घ्या: एस-ई-एस-क्यू-यू-आय-पी-ई-डी-ए-एल-आय-ए-एन. 14 लेटर्स, ओ मात्र नाही. बाई 17चाच हवा म्हणाल्या तर वरचा इनकॉन्सिक्वेन्शली द्या. आणि वहीत वरती 'लेटर्स' लिहायला सांगा तिला.