नवीन टायर चढवला तरी हवा का उतरते?

तुमचा भाऊ ऐरोलीतल्या दुकानात नवीन फिटर, त्याने चढवलेले ट्यूबलेस टायर आठवड्यात सहा-आठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरतात, मालक त्याला बोलतो आणि तो टायर कंपनीला. दोघांनीही रिमकडे पाहिलेलं दिसत नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जाते, ते चालायचंच. आठवड्यात सहा-आठ म्हणजे गळती, आणि नवीन टायरच गळका निघणं फार क्वचित घडतं.

पहिला संशय रिमच्या त्या कडेवर घ्या जिथे टायरचा बीड, म्हणजे आतली जाड कड, बसतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर खाडीची खारी हवा. लोखंडी रिमला तिथे गंजाचे पापुद्रे धरतात. अलॉयचा रंग फुगतो आणि खाली पांढरी भुकटी साचते. जुना टायर उतरवला की दोन्ही बाजूंच्या कडा बोटाने चाचपायच्या. खरखरीत लागली तर लोखंडाला वायर ब्रश, अलॉयला बारीक पॉलिश पेपर. अलॉयवर ग्राइंडर लावायचा नाही. कड खाल्ली गेली की ती रिम कायमची गळते. मग कोरड्या फडक्याने पुसून बीड सीलरचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाचा, पातळ हात. सीलर जाड थापून गंज झाकणारे बरेच आहेत, ती गाडी पावसाळ्यात परत येतेच.

दुसरा संशय व्हॉल्व्हवर. टायर नवीन आणि व्हॉल्व्ह जुना, ही काटकसर बहुतेक दुकानांत चालते. रबरी व्हॉल्व्ह मुळाशी चिरतो. आडवा वाकवून पाहिला की चीर दिसते. प्रत्येक टायरबरोबर तो बदलायचाच. नेहमीच्या कारला टीआर ४१३ किंवा थोडा लांब टीआर ४१४ लागतो, दोन्ही ११.५ मिलिमीटरच्या भोकात बसतात. ओढताना बुंधा ओला करून सरळ ओढायचा, तिरका ओढला की भोकाची धार रबर कापते. ६५ पीएसआयच्या वर हवा लागत असेल तर मेटलचाच व्हॉल्व्ह.

आता मालकाच्या म्हणण्यातही तथ्य असू शकतं, कारण बीड चढवतानाही फाटू शकतो. टायर चढवायच्या मशीनचं डोकं रिमपासून दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवायचं. डोक्यापाशी बीड रिमवरून उतरत असताना समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबलेली हवी. ती वर राहिली की मशीन कण्हतं. तिथे पेडल सोडायचं, जोर वाढवायचा नाही. बीडला टायरची पेस्ट लावावी. भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी रिमला गंज आणतं, आणि ग्रीस रबर खातं.

हवा भरताना व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून भरायची, म्हणजे झटकन जाते. बीड जागेवर बसताना टप-टप असे दोन आवाज येतात. ४० पीएसआयपर्यंत आले नाहीत तर थांबायचं, हवा सोडायची, पेस्ट लावून पुन्हा. बीड बसल्यावर रिमलगतची टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का, हे दोन्ही बाजूंनी बघायचं. आतली बाजू कोणी बघत नाही, आणि गळती बहुधा तिथेच राहते.

शेवटी पिन घट्ट करून, गाडीला लागते तितकी हवा भरून, चाक हौदात बुडवायचं. कडेची गळती भसाभसा फुगे सोडत नाही. एखादा बारीक फुगा थांबून थांबून सुटतो. म्हणून एका बाजूला दोन मिनिटं, मग उलटं करून दोन मिनिटं. हौद नसेल तर दोन्ही कडा आणि व्हॉल्व्हचं मूळ फेसाळ पाण्याने भिजवायचं, आणि नंतर ते धुऊन टाकायचं.

एवढं करून गळती राहिली, तर टायरवर शंका घ्यायला हरकत नाही.

भाऊ पुढे कळंबोलीकडे ट्रकच्या कामाला जाणार म्हणालात. तिथे १०.०० - २० मापाची ट्यूबवाली चाकं येतात, त्यांना टायर रिमवर धरून ठेवणारी वेगळी रिंग असते, ती हवेच्या दाबाने उडू शकते. काढण्याआधी पिन काढून हवा पूर्ण शून्य करायची, जोडचाक असेल तर दोन्हींची. वाकलेली किंवा गंजून खाल्लेली रिंग परत लावायची नाही. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, नळी लांब, माणूस बाजूला. हातोडीने रिंग ठोकणं हवा शून्य असतानाच. पिंजरा नसलेल्या दुकानात हे काम त्याने घेऊ नये, पगार कितीही सांगितला तरी.