कोचचा शब्द आणि सहीचा कागद

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी अकरावीत आहे, टेनिस खेळते. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, एका कोचने फोनवर जागा देऊ केली, आम्ही होकार दिला. जागा पक्की समजायची का?

उत्तर : नाही. पसंती कळवली आहे, सुपारी फुटायची आहे. एनसीएएच्या (कॉलेज-खेळ चालवणाऱ्या अमेरिकी संघटनेच्या) नियमांत तोंडी होकार कोणालाच बांधत नाही. बहुतेक खेळांत दहावीनंतरच्या १५ जूनपासून तोंडी ऑफर देता येते, सही मात्र बारावीच्या नोव्हेंबरात. या जवळपास दीड वर्षात कोच नोकरी बदलतो किंवा ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, त्याला तयार खेळाडू मिळतो. त्यात जून २०२५ मध्ये ‘हाउस’ खटल्यातली (खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्धचा खटला) तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत टेनिस संघ जास्तीत जास्त १० जणींचा. पूर्वी मर्यादा होती ती ८ स्कॉलरशिपची, संघाच्या आकाराची नव्हे. अशा मर्यादा येणार म्हणून मंजुरीच्या आधीच कितीतरी खेळांतल्या मुलांना दिलेले शब्द फिरवले गेले. मला हे फार लागलं, कारण त्या मुलांनी बाकीच्या कोचांना केव्हाच नकार देऊन टाकला होता. म्हणून आजच विचारा: स्कॉलरशिप किती, किती वर्षांची, की नुसती संघातली जागा? उत्तर ईमेलवर मागा. त्यानेही कोच बांधला जात नाही, पण गैरसमज टळतो.

प्रश्न : मुलगा पुण्यात खेळतो. ‘लेटर ऑफ इंटेंट’ कधी येतं?

उत्तर : खेळाडूला एका कॉलेजशी बांधणारं ते पत्र आता येत नाही. १९६४ पासूनची ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. स्कॉलरशिपच्या करारावरची सहीच आता महत्त्वाची. त्यानंतर दुसऱ्या कॉलेजांना त्याला गळ घालता येत नाही. सहीपूर्वी कोचला त्याच्याबद्दल फारसं जाहीर बोलता येत नाही. त्यामुळे सहीआधीची इन्स्टाग्रामवरची घोषणा खेळाडूचीच असते. ती वाचून कॉलेजनेही मान्य केलं, असं समजू नका.

प्रश्न : आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटातल्या) एका कोचने ‘तू आमचाच’ म्हटलंय.

उत्तर : तिथे खेळाची स्कॉलरशिपच नसते आणि प्रवेश प्रवेश-कार्यालय देतं. १ ऑक्टोबरपासून ते ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश मिळण्याची दाट शक्यता कळवणारं पत्र, पाठवू शकतं. त्याची वाट पाहा.

प्रश्न : मुलीने एका कोचला हो म्हटलं, आता अधिक चांगली ऑफर आली आहे. शब्द मोडायचा?

उत्तर : नियम आड येत नाही. पण तिच्यासाठी त्या कोचनेही दुसऱ्या कोणाला नकार दिला असेल. निर्णय बदललाच, तर त्याच दिवशी तिने स्वतः फोन करावा. तुम्ही नव्हे.