प्रायोजकाचा पैसा आणि अहिराणीची शब्दयादी

प्रश्न : अमळनेर-धुळे परिसरातील आम्ही सहा-सात शिक्षक आणि संगणक क्षेत्रातील तरुण गेली पाच वर्षे अहिराणीची शब्दयादी आणि शुद्धलेखन तपासणारी प्रणाली ओपन सोर्स परवान्याखाली (म्हणजे कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येईल अशा रीतीने) तयार करीत आहोत. एका कंपनीने दरवर्षी तीन लाख रुपये देऊ केले आहेत. प्रकल्पाला कंपनीचे नाव द्यावे, संकेतस्थळ कंपनीकडे सोपवावे आणि आमच्यातील मुख्य प्रोग्रॅमरने त्यांच्याकडे नोकरी करावी, अशा त्यांच्या तीन अटी आहेत. यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. पैसे घ्यावेत काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : पैसे अवश्य घ्यावेत. पहिल्या दोन अटी मात्र मान्य करू नयेत, आणि तिसरी मान्य करायची तर लेखी करार करूनच करावी.

कंपनीचा पैसा शिवला की प्रकल्प बाटला, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्या ‘ओपनएसएसएल’ या ओपन सोर्स प्रणालीवर अवलंबून होती, त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी २०१४ मध्ये उघडकीस आली, तेव्हा ती सुमारे दोन वर्षे कोडमध्ये पडून होती आणि त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या जेमतेम २,००० डॉलरच्या घरात होत्या. मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला तो त्यानंतर. अनेकांनी मिळून पैसा घातला, हे त्यातले महत्त्वाचे.

तुमच्या पहिल्या दोन अटींवर सर्वांत चांगला दाखला ‘कोहा’चा आहे. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये पुस्तकांचा कारभार ठेवण्यासाठी ही ओपन सोर्स प्रणाली वापरतात, तेव्हा तुमच्यातील शिक्षकांना ती परिचित असेल. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने १९९९ मध्ये ती तयार करवून घेतली आणि नंतर सर्वांना खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, पण घेणाऱ्याने पुढे कधीतरी परत करावी अशी. आपल्या लग्नातला आहेर म्हणा ना! पुढे या प्रणालीवर सेवा देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या हाती प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ गेले. कंपनी आणि समुदाय यांचे बिनसले, तेव्हा स्वयंसेवकांना दुसऱ्या पत्त्यावर नवे बिऱ्हाड थाटावे लागले. कंपनीचे मालक बदलले, आणि २०११ मध्ये तर ‘कोहा’ या नावाचा न्यूझीलंडमधील ट्रेडमार्कच कंपनीकडे जाण्याची वेळ आली. ज्यांनी बारसे केले त्या ट्रस्टलाच त्याविरुद्ध लढण्यासाठी मदतीचे आवाहन करावे लागले. अखेर ट्रस्टचा हक्क टिकला, परंतु मधल्या काळात कोड लिहिणाऱ्या माणसांची किती शक्ती या भांडणात गेली असेल! परवान्यामुळे कोड सर्वांचा राहिला. नाव आणि पत्ता यांना त्या परवान्याचे संरक्षण नव्हते. ‘ओपनऑफिस’ या कार्यालयीन कामाच्या ओपन सोर्स प्रणालीच्या स्वयंसेवकांनी २०१० मध्ये वेगळे होऊन ‘लिब्रेऑफिस’ सुरू केले, त्यांनाही कोड नेता आला, नाव नेता आले नाही.

तेव्हा कंपनीचे नाव संकेतस्थळावर ‘साहाय्य’ म्हणून ठळकपणे छापा, पण प्रकल्पाचे नाव, डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, नोंदणी आणि पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.

तिसऱ्या अटीत नोकरीचे मला वावडे नाही. पोट भरल्यावर काम चांगलेच होते. भीती वेगळी आहे. ‘हनस्पेल’ या ओपन सोर्स प्रणालीच्या पद्धतीच्या शुद्धलेखन तपासनीसात एक फाइल शब्दांची आणि दुसरी प्रत्ययांच्या नियमांची असते. पहिल्या फाइलमध्ये ‘आंडोर’ (मुलगा) हा शब्द कोणीही भरू शकेल. परंतु ‘आंडोरले’, ‘आंडोरना’, ‘आंडोरनी’ ही रूपे लाल रेघेविना उमटावीत यासाठी दुसरी फाइल लिहावी लागते, आणि ती बहुधा तुमच्यातील एकालाच उमगत असेल. उद्या कंपनीने त्याला दुसऱ्या कामाला जुंपले, तर शब्द वाढत राहतील आणि नियम तिथेच गोठतील. म्हणून आठवड्याचे ठराविक तास प्रकल्पासाठी राहतील असे करारात लिहून घ्या, आणि ती फाइल आणखी एकाला तरी शिकवा. देणगीतला काही भाग केवळ देखभालीसाठी बाजूला काढा. नव्या सोयींवर खर्च करायला प्रायोजक नेहमीच तयार असतो, जुन्या चुका निस्तरायला क्वचितच.

पैशाबद्दल एकच सांगतो. आमच्या गावच्या सप्ताहाची पंगत सलग तीन वर्षे एका व्यापाऱ्याने एकट्याने घातली. चौथ्या वर्षी केळीचा भाव पडला, त्याने हात आखडता घेतला, आणि वर्गणीची वही कोणाच्या घरी आहे हेसुद्धा कोणाला आठवेना. तीन लाख आले तरी शंभर-दोनशे रुपयांच्या वर्गण्या बंद करू नका.

हे सर्व कोणाच्या नावावर ठेवायचे, असे तुम्ही विचाराल. एका व्यक्तीच्या नावावर नको. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवून घ्या. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. तुमच्या पत्रात ‘सहा-सात’ असे लिहिले आहे. ते आधी नक्की सात करून घ्या.